आतली कडी

विमान आभाळात असताना चालकांच्या खोलीचं दार बडवणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर ती मी. हातात धपाट्यांचा डबा होता. वय पासष्टीच्या पुढं गेलेलं, म्हणजे अक्कल यायला हरकत नव्हती. पण माझी अक्कल कायम शेवटच्या गाडीनं येते.

मला दोष देण्याआधी आमच्याकडची रीत ऐका. आमच्या उंद्रीच्या बाजूला पोरगं बुलढाण्याला शिकायला ठेवलं की त्याची भाकर एसटीनं जाते. सकाळची गाडी फाट्यावर थांबली की डबा ड्रायव्हरच्या खिडकीतून आत द्यायचा. तो आपल्या पायाशी ठेवतो आणि स्टँडवर पोरगं येऊन घेऊन जातं. माझी लेक अशाच डब्यांवर शिकली. ड्रायव्हरच्या पाठीमागं जाळी असते. त्या जाळीतून बोट घालून त्याच्या खांद्याला टोचलं तरी तो रागावत नाही, फार तर म्हणतो, "काय वो मावशी, आता काय राह्यलं?" गाडी चालवणाऱ्याला मध्येच हाक मारता येते, हे मी जन्मभर गृहीत धरलं होतं.

आणि आता तर गाडी चालवणारी माझीच नात होती. डब्यावर शिकलेल्या त्या लेकीची लेक. विमानात दोघं चालक असतात, त्यातल्या उजव्या खुर्चीवर ती बसते. औरंगाबादहून दिल्लीचं विमान तिचं होतं, आणि तिनं हट्टानं मला त्यात बसवलं होतं. आमच्या ह्यांनाही म्हणाली होती. पण हे म्हणाले, "मले जमिनीवरच राहू दे, बाई. इथंच पाय नीट पडत नाहीत."

विमान वर जाऊन सरळ झालं. पट्ट्याचा दिवा विझला. मी म्हटलं, पोरगी पहाटेची उपाशी असेल. डबा घेतला आणि चालायला लागले. पुढं एक हवाईसुंदरी उभी होती, आमच्या गल्लीतल्या नवरीसारखी नटलेली.

"आजी, टॉयलेट या बाजूला आहे."

"मले टॉयलेटले नाही जाचं. आत माही नात हाय, तिले डबा द्याचाय."

"ते दार उघडत नाही, आजी."

"काऊन? आत नाही का ती?"

"आत आहेत ना."

"मंग?"

ती बिचारी 'मंग'चं उत्तर शोधत होती तेवढ्यात मी दारावर थाप मारली. "अवं पोरी, उघड! धपाटे आणले!" पहिल्या रांगेतला एक माणूस फिसकन हसला. मलाही हसू येत होतं. मी आणखी दोन थापा मारल्या.

त्या दाराचा आवाज वेगळाच होता. लाकडाचा नाही, पत्र्याचा नाही. गव्हानं भरलेल्या कोठीवर हात मारावा तसा बद्द. थाप आत जातच नव्हती, माझ्याच हातात परत येत होती. आतून काही नाही. ना 'थांब', ना 'कोण'. आणि माझा हात थांबेना. डबा कधी खाली पडला कळलं नाही. मी दोन्ही मुठींनी दार बडवत होते आणि ओरडत होते, "अहो! अहो, उघडा ना! म्या नाही हसत आता!"

पुढचं मला त्या हवाईसुंदरीकडून कळलं. तिनं मला मागून मिठी मारून खुर्चीपर्यंत आणलं, पट्टा बांधला, पाणी पाजलं. मघा हसलेला माणूस खाली बसून माझे धपाटे गोळा करत होता. तो आता हसत नव्हता.

दिल्लीला उतरल्यावर नातीनं मला तिच्या भाड्याच्या खोलीवर नेलं. मला वाटलं रागावेल. तिनं विमानात खाली पडलेलेच धपाटे काढले, फुंकर मारून खायला बसली. अर्धा खाल्ल्यावर म्हणाली, "आत एक छोटा पडदा असतो, आजी. बाहेर कोण आहे ते दिसतं. तू दिसत होतीस. नाकासकट, मोठ्ठी."

"मंग उघडलं काऊन नाही?"

"उघडायचंच नसतं. आजी असली तरी."

"आजी असली तरी?"

"आजी असली तर जास्तच नाही." ती हसली, पण तिचे डोळे लाल होते. "आम्हाला शिकवतात तसं. दारापलीकडे आपलं माणूस रडत असलं, तरी हात त्या बटणाकडे न्यायचा नाही. शिकताना सोपं वाटलं होतं गं. आज पहिल्यांदा तिथं खरंच आपलं माणूस होतं."

मग तिनं मला त्या दाराचं सांगितलं. सगळं नाही, सगळं सांगत नसतात म्हणे. आधी ती दारं साधी होती. लहान पोरं आत जाऊन चालकांच्या मांडीवरसुद्धा बसून यायची. मग दूर देशात लोक दार ढकलून आत शिरले आणि विमानं पाडली. त्यानंतर जगभर दारं भक्कम झाली. गोळी लागली तरी न फुटणारी. बाहेरच्यानं कितीही जोर लावला तरी आतल्यानं नको म्हटलं की नको.

मी मनात हिशेब केला. त्याच सुमाराला आमच्याकडे बीटी कपाशी आली होती. बियाणं विकणारा सांगायचा, "काकू, दानाच असा हाय का अळी आत येऊच शकत नाही. दार लावून देल्लंय म्हना ना." आणि पहिली काही वर्षं बोंडं खरंच अशी लागली की वेचताना झोळीनं खांदे दुखायचे.

"मग झालं ना, चोर बाहेर राह्यला," मी म्हटलं.

"चोर बाहेर राहिला," नात म्हणाली. "पण मग एकदा, दुसऱ्याच एका देशात, आतलाच माणूस आत एकटा राहिला. जोडीदार बाहेर गेला होता, लघवीला. यानं दार लावून घेतलं. बाहेरचा ठोकत राहिला, हाका मारत राहिला. इतकं भक्कम दार, त्याचंच त्याला उघडेना. आतल्यानं विमान डोंगरावर नेऊन आपटलं."

  

मग तिनं डबा बाजूला सारला. "आजी, मला सांग. आजोबा तर घरी होते. तू 'अहो उघडा' कोणाला म्हणत होतीस? आणि तुझ्या घरात एकाही दाराला आतून कडी का नाही? शाळेत असताना सुट्टीत यायचो तेव्हा न्हाणीत गाणं म्हणत आंघोळ करायला लावायचीस. मला वाटायचं, तुला गाणं आवडतं."

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. तिला सांगितली.

अळी परत आली त्या वर्षाची गोष्ट. कपाशीला फूल यायचं, पण उमलायचं नाही. पाकळ्या टोकाला चिकटलेल्या, जणू कोणी आतून धरून ठेवल्यात. डोमकळी म्हणतात त्याला. बोटानं उकलून पाहिलं की आत गुलाबी अळी, नखाएवढी, आरामात. ज्या दाण्याला दार लावून दिलं होतं, त्याच्या आत. मग फवारणी. एक औषध चालेना म्हणून त्यात दुसरं. झाड डोक्याच्या वर गेलेलं, पंप पाठीवर, आणि फवारा वाऱ्यानं परत तोंडावर. आमचे हे पहाटेच जायचे आणि ऊन चढलं की यायचे.

आता त्या काळातल्या माझी ओळख करून देते. गल्लीत माझ्याएवढी हुशार बाई नाही, असं तिचं मत होतं. तिला एक कला होती: कोणाचीही चाल हुबेहूब करून दाखवायची. सरपंचाची, मामीची, लंगड्या गुरवाची. बाया पोट धरून हसायच्या आणि ही बया आणखी चेकाळायची. तिला सांगावंसं वाटतं, बाई, जरा बस. पण ती बसणाऱ्यातली नव्हती.

त्या दिवशी अंगणात आम्ही बाया उडदाच्या शेंगा फोडत बसलो होतो. फाटकातून हे आले. पाय एक इकडे, एक तिकडे. घाम निथळत होता. तोंडातून लाळेची तार. मी म्हटलं, "घ्या! भर दुपारीच ढोसून आले!" उठले, सूप हातात धरलं आणि त्यांच्या पुढंपुढं तशीच झोकांड्या खात चालून दाखवलं. बाया इतक्या हसल्या की एकीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. ते मी पाहिलं, आणि तरी हसत राहिले. ते कापूस भरायच्या खोलीत गेले. दार लागलं. आतून कडी सरकली. खर्र, आणि मग खट्. तो आवाज.

"बसू द्या रुसून," मी म्हटलं, आणि शेंगा फोडायला बसले.

शेंगा संपल्या. बाया गेल्या. मी चहा केला, दाराशी नेला. "चा घ्या. किती रुसाल?" काही नाही. मी आणखी एकदा त्यांची नक्कल केली, नुसत्या दारापुढं, की आत ऐकून हसतील. काही नाही. मग दाराखालून औषधाचा वास आला. त्या खोलीत औषधाचे डबे ठेवलेलेच असायचे, म्हणून वास कायमच यायचा. तो वास नेहमीचा की आजचा, हे मला कळेना. मी दार बडवायला लागले.

शेजारचे मिस्त्री पहार घेऊन धावत आले. ते लोखंडी दरवाजे-खिडक्या करत. मी त्यांना चाचा म्हणायची. त्या दाराची कडीसुद्धा त्यांनीच बसवली होती, कापूस चोरीला जातो म्हणून, चांगली जाड. "इतनी मजबूत काऊन लावली मी, भाभी," असं म्हणत म्हणत त्यांनी पहार घातली. दार उघडलं. हे गेल्या सालच्या कापसाच्या ढिगाला टेकून आडवे पडले होते, तोंडाला फेस. कोपऱ्यात औषधाचा डबा. त्याचं झाकण लावलेलं होतं की उघडं, हे मला आजही आठवत नाही. किती वेळा डोळे मिटून ती खोली पाहिली. कधी झाकण दिसतं, कधी दिसत नाही. चाचांनी आधी दोरीवरची चादर ओढून ह्यांच्यावर टाकली, नीट कमरेखाली गुंडाळली, आणि मगच उचललं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं पहिला प्रश्न केला, "फवारताना झालं की औषध प्याले?"

मी म्हटलं, "फवारताना."

पण मला माहीत नव्हतं. त्या दिवसांत आसपासच्या कुठल्या ना कुठल्या गावाहून कोणी जीव दिल्याची बातमी यायची, आणि त्या बातमीत दार आतून बंद असायचं.

हे वाचले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा मी चाचांकडून घरातल्या सगळ्या आतल्या कड्या काढून घेतल्या होत्या. कापसाच्या खोलीची, माजघराची, न्हाणीचीसुद्धा. चाचा म्हणाले, "भाभी, कुत्रे घुसतीन." मी म्हटलं, "घुसू द्या." ते पाहून गल्लीतल्या दुसऱ्या बाया त्यांना बोलवायला लागल्या. कोणी कारण सांगायचं नाही, चाचा विचारायचे नाहीत. त्या हंगामात त्यांनी कड्या बसवल्या कमी आणि काढल्या जास्त. पिशवीत खुळखुळत घेऊन जायचे.

ह्यांनी घरी आल्यावर दाराच्या फळीवरून हात फिरवला. स्क्रूच्या भोकांत बोट घातलं. माझ्याकडे पाहिलं आणि बाजेवर जाऊन बसले.  पुढं ते न्हाणीत गेले की आतून दाराला दगड लावायचे, आणि मी बाहेर काहीतरी निवडायचं निमित्त काढून बसायची. तांदळात खडा नसला तरी मी निवडायची. ते खोकायचे, मी ऐकायची. खोकला थांबला की माझा हात थांबायचा. इतकी वर्षं असाच संसार केला. आणि माझ्या नकला बंद झाल्या. सरपंच बदलले, नव्यांची चाल फार मजेची होती, पण नाही.

दुपारी घर शांत असलं की मला तो आवाज ऐकू यायचा. खर्र, खट्. घरात एक कडी नसताना.

हे सगळं मी नातीला सांगितलं.  मग मी विचारलं, "तुमच्यात काय करता आता? एक जण लघवीले गेला त दुसरा आत एकटाच?"

"नाही. आमच्याकडे तेवढ्या वेळापुरती तुला पाणी पाजणारी ती मुलगी आत येऊन थांबते. मी किंवा कॅप्टन, कोणी एक बाहेर गेलं की ती आत."

"पाहारा ठेवाले. तिनं तांदूळ निवडावे," मी म्हटलं. "आतला रागावत नाही? त्याच्यावर भरोसा नाही म्हणून?"

"मला आधी तसंच वाटायचं. पण तिच्याकडे आमच्यावर नजर ठेवायचं काम नसतं, आजी. विमान कसं चालतं ते तिला काय कळणार? बाहेर गेलेला परत आला की तिनं छिद्रातून तो आहे ना हे पाहायचं आणि दार उघडायचं. आतला चक्कर येऊन पडला असेल, तरी उघडायचं." तिनं हात पुसले. "तुला सांगते, त्या दाराबद्दल आम्हाला काय माहीत असतं ते. आतला झोपला, बेशुद्ध झाला, की त्याच्या मनात वाईट आलं, बाहेरून तिन्ही सारखंच ऐकू येतं. काहीच ऐकू येत नाही. दारावरून काही कळत नाही. म्हणून आधी आम्ही विमानातल्या आतल्या फोनवर बोलतो, विचारतो, उत्तर ऐकतो. दार नंतर."

मी धपाट्याचा तुकडा मोडत बसले.

"तू आजोबांना विचारलंस का कधी?" नात म्हणाली.

"काय विचारू? प्याले का, म्हणून? अन् हो म्हणाले त?"

"हो म्हणाले तर तुला कळेल. इतकी वर्षं तू बाहेर उभी आहेस."

पोरीचं वय काय, बोलणं काय. मी तिला म्हटलं, तू विमान चालव. पण दिल्ली पाहण्यात माझं लक्ष लागलं नाही. तिनं मोठमोठे दरवाजे दाखवले, राजांचे. मी त्यांच्या कड्या पाहत होते.

हे आता नाहीत. दोन उन्हाळे झाले. बाजेवर, म्हातारपणानं गेले. लेक पायाशी, मी उशाशी, आणि दार सताड उघडं. तेव्हा ते कसे गेले याची कोणाला शंका नको. मी सांगते आहे ती त्याआधीची गोष्ट, दिल्लीहून परत आल्यावरची.

आले त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेले. त्यांना आता दिसत कमी होतं, काम त्यांचा मुलगा बघायचा. मी म्हटलं, "चाचा, एक कडी पाह्यजे. न्हाणीले." त्यांनी फळीवरच्या डब्यात हात घातला, चाचपून एक काढली. "ये तुमचीच हाय, भाभी," म्हणाले. "कापसाच्या खोलीची. मी फेकली नोती. वाटलं, मांगसान कवातरी."

कडी पदरात बांधून घरी आणली. हे अंगणात बाजेवर बसून तंबाखू मळत होते. दुपारची वेळ. उडदाच्याच शेंगा सुपात होत्या, ह्या वेळी मी एकटीच फोडणारी. मी कडी त्यांच्या पुढं बाजेवर ठेवली. त्यांनी ओळखली. हात तंबाखूवरच थांबला.

मला वाटलं होतं मी काहीतरी शहाणपणाचं बोलेन, नातीसारखं. तोंडातून निघालं ते असं: "तुमी त्या दिवशी प्याले होते का हो? मले खरं सांगा. खोटं सांगून माहं मन राखू नका. झाकण मले आठवत नाही."

 शेजारी कोणाची तरी कोंबडी भिंतीवर चढली, उतरली. मी सुपाची कड धरून बसले होते. त्यांनी तंबाखू तोंडात न टाकता खाली झटकली, हात पायजम्याला पुसले आणि म्हणाले,

"मराले नोती लावली वं कडी. वावरातून येता येताच फवाऱ्यानं पोट सुटलं होतं, पायजमा सारा भरला होता. अन् अंगणात बाया बसलेल्या, अन् तू माही चाल करून राह्यली होती. म्हटलं, कडी लावून पुसतो, बदलतो, मंग निघतो. तेवढ्यात अंधारी आली. तू दार ठोकत होती ते आयकू येत होतं मले, पन जीभच उचलत नोती. लाव आता ती कडी. अन् एक डाव माही चाल करून दाखव, लई वर्सं झाले पाहून."